घोडे, कापूस, माणसं : मेम्फिसचा 'व्यापारी' नेथन बेडफर्ड फॉरेस्ट

वाटसरू

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. कामामुळे गेले काही महिने मेम्फिसला आहे. मिसिसिपीच्या काठचं गाव, मे लागला की मुंबईसारखा घाम. दुपारचं जेवण झालं की पाय मोकळे करायला ॲडम्स ॲव्हेन्यूपर्यंत जातो. तिथे कॅल्व्हरी चर्चच्या पार्किंगपाशी एक पाटी आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा हातातल्या चहातला बर्फ विरघळेपर्यंत तिथेच उभा होतो.

आज जिथे गाड्या लागतात तिथे १८५० च्या दशकात माणसं विकायला उभी करत. पत्ता ८७, ॲडम्स स्ट्रीट. मालक नेथन बेडफर्ड फॉरेस्ट. ही पाटी २०१८ सालची. त्याआधी १९५५ साली लावलेल्या पाटीवर एवढंच होतं की इथे त्याचं घर होतं आणि उद्योगधंद्यात त्याने भरपूर पैसा कमावला. कसले उद्योग, कसला धंदा, त्याबद्दल चकार शब्द नाही.

हा फॉरेस्ट म्हणजे अमेरिकन यादवीतला (१८६१-६५, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तर) दक्षिणेचा सगळ्यात भारी घोडदळ सेनानी. जन्म १३ जुलै १८२१, टेनेसीतलं चॅपल हिल. बाप लोहार. तो गेला तेव्हा हा सोळा वर्षांचा, खाली भावंडांची रांग. शाळा एकूण सहा महिने. लेखणी दिसली की साप दिसल्यासारखं वाटतं, असं तो म्हणे. पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. तोंडी हिशोबात मात्र कुणाला ऐकायचा नाही.

१८४१ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या हर्नांडो गावी काकाच्या धंद्यात शिरला. घोडे, गुरं, मग हर्नांडो ते मेम्फिस घोडागाडीची फेरी, विटांची भट्टी. १८४५ मध्ये भर रस्त्यात काकावर हल्ला झाला. याच्याजवळ दोन बारांचं पिस्तूल. दोन बार, दोन माणसं आडवी. उरलेल्यांवर चाकू घेऊन धावला. काका त्यातच गेला आणि धंदा पुतण्याकडे आला. त्याच वर्षी लग्नही केलं.

मग मेम्फिस. आणि मेम्फिसला तो का आला, हे कळायला थोडा बाजार समजून घ्यावा लागतो. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला अमेरिकेत कायद्याने बंदी होती. पण देशातल्या देशात खरेदी-विक्री खुशाल चालू. व्हर्जिनिया, केंटकी या जुन्या राज्यांत तंबाखूची जमीन थकलेली, माणसं 'जास्त' झालेली. खाली मिसिसिपीच्या गाळाच्या जमिनीत कापसाला हात हवेत. वर स्वस्त, खाली महाग. मेम्फिस बरोबर मध्ये, नदीवर. अशा जागी दलाल गबर होतो. फॉरेस्ट झाला. भागीदार बदलत गेले, जाहिराती छापून येत राहिल्या, १८५८ मध्ये साहेब नगरसेवकही झाले. पुढच्या एक-दोन वर्षांत हा धंदा आवरून त्याने मिसिसिपीत कापसाचे मळे घेतले. युद्ध सुरू झालं तेव्हा आपण पंधरा लाख डॉलरचे धनी होतो असं तो सांगायचा.

आणि हा माणूस जून १८६१ मध्ये धाकटा भाऊ आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना घेऊन साधा शिपाई म्हणून भरती झाला! गव्हर्नरच्या कानावर गेल्यावर त्याला लेफ्टनंट कर्नल करून स्वतःचं पथक उभारायला सांगितलं. पठ्ठ्याने खिशातून पैसे घालून केंटकीतल्या लुइव्हिलहून ५०० कोल्ट पिस्तुलं आणि १०० खोगिरं गुपचूप आणली. युद्धशाळेचं तोंड न पाहिलेला शिपाई १८६५ च्या फेब्रुवारीत लेफ्टनंट जनरल झाला.

लढायांबद्दल प्रतिसादांत लिहितो, इथेच लांबलं. मला स्वतःला राहून राहून एकच वाटतं : हा माणूस रणांगणावर दलालीच करत होता. माल कुठे कमी, कुठे जास्त, समोरचा कशाला घाबरतो, किती बोलीला तुटेल. हे शिक्षण त्याला ॲडम्स स्ट्रीटवर मिळालं.

चकवा

भारी धागा! पहिल्या काही ओळींतच गनिमी काव्याचा वास आला. लढाया येऊ द्यात लवकर, इथे निम्मे लोक त्यासाठीच बसलेत.

सातू

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वाटसरू

घ्या, चकवाभाऊ. सगळ्या नाही सांगत, माझ्या आवडीच्या दोन.

पहिली १८६३ ची. उत्तरेचा कर्नल ॲबेल स्ट्रेट अलाबामातून घुसून जॉर्जियातला रेल्वेमार्ग तोडायला निघाला. डोंगराळ वाट म्हणून त्याच्या लोकांना घोड्यांऐवजी खेचरं दिलेली. बरीचशी धड शिकवलेली नाहीत, आणि रात्री ओरडायला लागली की कोसभर ऐकू जावं. फॉरेस्ट मागे लागला. ३० एप्रिलच्या पहिल्या झटापटीत त्याच्याच दोन तोफा गेल्या (हे लक्षात ठेवा, पुढे काम आहे), पण पाठलाग सोडला नाही. दिवस-रात्र. निम्मे लोक झोपवायचे, निम्म्यांनी शत्रूला झोपू द्यायचं नाही. गॅड्सडेनजवळ ब्लॅक क्रीकवरचा पूल स्ट्रेटने जाळला, तर एमा सॅन्सम नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने याच्या घोड्यावर मागे बसून उतार दाखवला.

३ मे रोजी स्ट्रेटचे लोक बसल्या जागी पेंगत होते. फॉरेस्टने शरण यायचा निरोप पाठवला. याच्याकडे पाच-सहाशे माणसं, समोर दीड हजाराच्या आसपास. तर बोलणी चालू असताना मागच्या टेकाडावरून तोफा नेल्या जाताहेत. एक जोडी गेली, दुसरी आली, तिसरी. दोनच तोफा गोल गोल फिरत होत्या! स्ट्रेटने पंधरा मोजल्या आणि हत्यारं खाली ठेवली. खरा आकडा कळल्यावर तो जाम भडकला म्हणे, पण सौदा झालेला.

दुसरी १० जून १८६४, मिसिसिपीतलं ब्राइसेस क्रॉसरोड्स. उत्तरेचा स्टर्जिस आठ हजारांवर फौज घेऊन येत होता, फॉरेस्टकडे निम्म्याहून कमी. त्याचा हिशोब असा : आदल्या दिवसांच्या पावसाने रस्ता चिखल झालाय. त्यांचं घोडदळ पुढे येईल, पायदळ मागे राहील. घोडदळ आधी झोडपायचं. मग पायदळाला मदतीला धावत यावं लागेल, पाच-सहा मैल, जूनच्या उन्हात. पोचेल तेव्हा धापा टाकत असेल, तेव्हा त्याला घ्यायचं. झालं अगदी तसंच. सोळा तोफा, पंधराशेवर कैदी.

'सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त माणसं घेऊन पोचा' हे त्याचं सूत्र. इंग्रजीत ते खेडवळ बोलीत वाकडंतिकडं करून सांगतात, ते मात्र मागाहून कुणीतरी त्याच्या तोंडी घातलेलं आहे.

पागेवाला

वाटसरू, झकास लिहिलंय. एक भर घालतो, मराठी माणसाला लगेच कळेल अशी.

आपल्याकडे स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. अमेरिकेच्या यादवीत उत्तरेकडचे स्वार बारगीर, दक्षिणेचे शिलेदार! दक्षिणेत घोडा ज्याचा त्याने आणायचा, सरकार दिवसाला ४० सेंट भाडं देणार. लढाईत घोडा पडला तर ठरलेली किंमत मिळायची, पण आजाराने मेला, दमून मेला, चोरीला गेला तर खोट स्वाराची. नवा घोडा मिळवा, नाहीतर पायदळात जा. त्यामुळे सुरुवातीला दक्षिणेचं घोडदळ जोरात होतं (पोरं लहानपणापासून घोड्यावर, आणि घोडाही आपला), आणि पुढे घोडेच संपत गेल्यावर त्याची रया गेली. उत्तरेकडे सरकारी खरेदी चालूच.

म्हणून फॉरेस्टच्या मोहिमांत लूट एवढी महत्त्वाची. डिसेंबर १८६२ मध्ये पश्चिम टेनेसीत शिरला तेव्हा त्याच्या बऱ्याच लोकांकडे शिकारीच्या बंदुका आणि जुनाट चकमकीच्या बंदुका होत्या. परतले ते शत्रूच्या नव्या रायफली खांद्यावर टाकून. शिवाय त्याचे लोक घोड्यावरून लढतच नसत फारसे. घोडा पोचायला. पोचलं की उतरायचं, दर चौथ्याने घोडे धरायचे, बाकीच्यांनी पायउतार होऊन लढायचं. तलवार हवेत फिरवणारा घोडेस्वार चित्रात बरा.

त्याचे स्वतःचे २९ घोडे अंगाखाली मेले, असं सांगतात. माणसं त्याने तीस मारली असा त्याचाच दावा, म्हणजे शेवटी एकाने मी पुढेच, असा त्याचा विनोद. हिशोब कुठेच सुटत नाही बघा.

चकवा

शिलेदार-बारगीर!! टाळ्या. म्हणजे माझं बरोबर होतं, हा तिकडचा संताजीच.

निळावंती

इतका वेळ गप्प वाचत होते. चकवा, संताजी घोरपड्यांना जरा बाजूला ठेवाल का? घोडा पळवता आला की सगळे एकाच माळेत? आणि वाटसरू, पाटीवरून सुरुवात केलीत आणि फोर्ट पिलोला वळसा घालून निघालात. मुद्दाम?

वाटसरू

नाही ताई. ते एका दमात लिहिता येईना.

१२ एप्रिल १८६४. मेम्फिसच्या वरच्या अंगाला मिसिसिपीच्या कड्यावर उत्तरेचा एक छोटा किल्ला, फोर्ट पिलो. आत सहाशेच्या आसपास शिबंदी. निम्मे टेनेसीतलेच पण उत्तरेच्या बाजूने लढणारे गोरे, निम्मे कृष्णवर्णीय तोफखान्याचे लोक. त्यातले कितीतरी काही महिन्यांपूर्वीपर्यंत गुलाम होते. शरण या, नाहीतर परिणामांना मी जबाबदार नाही, हा फॉरेस्टचा नेहमीचा निरोप गेला. किल्लेदाराने नकार दिला. किल्ला फार वेळ टिकला नाही. त्यानंतर जे झालं ती लढाई नव्हती. हत्यार टाकलेले, हात वर केलेले, नदीकडे पळणारे लोक मारले. गोऱ्यांपैकी बरेचसे कैद झाले, कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम साठ जिवंत हाती लागले. दोनशेच्या आसपास गेले.

फॉरेस्टने कत्तलीचा हुकूम दिला का, यावर आजही वाद घालतात. पण त्याच्या स्वतःच्या अहवालात आहे की नदी दोनशे यार्डांपर्यंत रक्ताने लाल झाली होती. पुढे अशी आशा व्यक्त केलीय की यावरून उत्तरेला कळेल, काळे शिपाई दक्षिणेकडच्यांपुढे टिकू शकत नाहीत. हुकूमाचा कागद कशाला शोधायचा मग? दहा वर्षं ज्यांची किंमत लावली तेच बंदूक घेऊन समोर उभे होते.

त्यानंतर कृष्णवर्णीय पलटणी 'फोर्ट पिलो आठवा' असं ओरडत चाल करून जात.

निळावंती

धन्यवाद. आता धागा पुरा झाला असं वाटतंय. आणि तुमच्या शीर्षकातल्या अवतरणचिन्हांचाही अर्थ लागला.

खानदेशी_ठसका

जरा अवांतर करतो, पण फार नाही.

हे सगळं चालू होतं तेव्हा आमच्याकडे काय, तर कापूस! उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग आठवण झाली आमची. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला एरवी नाकं मुरडायचे, तो वाट्टेल त्या भावाने उचलला. मुंबईत सोन्याचा पाऊस. प्रेमचंद रायचंदांसारखे व्यापारी, बॅकबेत समुद्र हटवायची कंपनी, रोज नवी बँक, आणि घराघरात शेअरचं खूळ. ९ एप्रिल १८६५ ला तिकडे दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. ही बातमी इथे पोचली आणि १ जुलैच्या वायद्यापर्यंत अख्खी मुंबई दिवाळखोर. राजाबाई टॉवर तेवढा उरला, प्रेमचंदशेठनी आईच्या नावे दिलेल्या पैशांतला.

म्हणजे फॉरेस्ट जितके दिवस टिकून लढला, तितके दिवस इथला भाव चढा! आमच्या पूर्वजांनी त्याच्या नावाने उदबत्ती लावली नाही एवढंच. (हलके घ्या.)

सुपेकर

ठसकाभाऊ, मुंबईचं सांगितलंत, शेतकऱ्याचं राहिलं. भाव चढा असताना सावकाराने हात सैल सोडला, सारा वाढला, विहिरी, लग्नं झाली. भाव पडला, कर्ज तिथेच. १२ मे १८७५ ला आमच्या सुप्यात बाजाराच्या दिवशी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवले. कापूस हे एकमेव कारण नाही, आमच्या भागात तो तसा कमीच. पण सावकारी पैशाचा तो फुगवटा आणि नंतरची ओढ, त्याची एक मुळी त्या युद्धापर्यंत जाते. आजोबा 'सुप्याचा दंगा' म्हणत, तेव्हा अमेरिकेचं नाव कुठे आलं नाही हे खरं.

चकवा

निळावंतीताई, संताजीचा शब्द मागे. तेवढं मान्य.

पण एक विचारतो, रागावू नका. मी काल रात्री थोडं वाचलं. हा शेवटी बदलला होता म्हणे? १८७५ मध्ये मेम्फिसच्या कृष्णवर्णीय संघटनेच्या सभेत गेला, एका मुलीच्या हातून फुलं घेतली, आपण एकाच देशाचे वगैरे बोलला. कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची गुप्त टोळी बरखास्त करायचा हुकूमही त्यानेच दिला. माणसाला शेवटी थोडं श्रेय द्यायचं की नाही?

वाटसरू

दोन्ही गोष्टी झाल्या. ५ जुलै १८७५ चं ते भाषण खरंच सौम्य आहे, आणि त्याबद्दल त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या.

पण आधीचं बघा. कू क्लक्स क्लॅनचा तो पहिला 'ग्रँड विझर्ड'. मत द्यायला निघालेल्या माजी गुलामांना रात्री घरातून ओढून मारणारी टोळी. १८६९ च्या जानेवारीत बरखास्तीचा हुकूम निघाला, तोवर दहशत बसायची ती बसली होती. १८७१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने बोलावलं तर याला काही म्हणजे काही आठवेना. इतका तल्लख हिशोबी माणूस!

निळावंती

चकवा, श्रेय द्या ना. पण त्याच काळात तो पोटापाण्याला काय करत होता तेही मांडा. रेल्वेची कंपनी चालवली होती, सेल्मा-मॅरियन-मेम्फिस, ती बुडाली. मग मेम्फिसजवळच्या प्रेसिडेंट्स आयलंडवर जमीन घेतली आणि काउंटीच्या तुरुंगातले कैदी मजुरीवर आणून शेती केली. अमेरिकी घटनेतल्या गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत शिक्षा झालेल्या कैद्याचा अपवाद आहे, त्याच फटीतून. सभेत फुलं, शेतावर कैदी.

आणि सुपेकरांनी १८७५ काढलं म्हणून मी १८७३ काढते. त्या वर्षी पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं. अर्पण कुणाला, तर गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मुंबईच्या शेठ लोकांना त्या युद्धात कापसाचा भाव दिसला. जोतीरावांना काय दिसलं ते पानावर आहे.

खानदेशी_ठसका

ताई, उदबत्तीचा विनोद मागे घेतो.

पागेवाला

फॉरेस्टबद्दल अजून एक सांगतात, ते वाटसरूंनी सोडलंय. युद्धावर जाताना त्याने आपले चाळीसहून जास्त गुलाम गाड्या हाकायला बरोबर नेले. आपण जिंकलो तरी आणि हरलो तरी तुम्ही मोकळे, असं सांगून. युद्ध संपायच्या आधी सोडलंही म्हणे. त्याचे चाहते हे फार मिरवतात.

वाटसरू

हो, १८६८ च्या एका मुलाखतीत त्याने स्वतःच सांगितलंय ते. मला त्यातही दलालच दिसतो. पळून जायची भीती असलेल्या माणसाला कसं धरून ठेवायचं? शेवटी मोबदला कबूल करून. अर्थात तिकडे गाडी हाकणाऱ्याचं काय म्हणणं होतं, हे कुणी लिहून घेतलेलं नाही.

सातू

मला एक भाषेचा प्रश्न. मराठीत याला म्हणायचं काय? 'व्यापारी' म्हटलं की डोळ्यांपुढे गादीवर बसलेले शेठजी येतात. तुम्ही 'दलाल' म्हणताय, पण दलाल आमच्या मार्केट यार्डातही आहेत, बिचारे कांद्याचे.

वाटसरू

कांदेवाल्या दलालांची माफी मागतो. 'गुलामांचा व्यापारी' असं पूर्ण लिहायचं, दुसरा उपाय नाही. १९५५ च्या पाटीने पहिला शब्द गाळून दुसरा ठेवला, तर सगळं कसं छान दिसलं. २०१८ ची पाटी लावली तेव्हा चर्चमध्ये विकलेल्या लोकांची नावं वाचून दाखवली होती. कुणाचं नुसतंच पहिलं नाव, आडनाव नाही.

सुपेकर

पुतळा वगैरे होता ना त्याचा? पाडला का?

वाटसरू

पाडला नाही, विकला! म्हणजे बाग विकली. १९०४ मध्ये त्याला आणि बायकोला स्मशानातून काढून एका बागेत पुरलं होतं, पुढच्या वर्षी वर घोड्यावरचा पुतळा. राज्याचा कायदा असा की सरकारी जागेवरचं स्मारक शहराला हलवता येत नाही. मग २० डिसेंबर २०१७ ला मेम्फिस शहराने ती बागच एका ना-नफा संस्थेला हजार डॉलरला विकली. जागा खाजगी झाली, कायदा लागू नाही. त्याच रात्री क्रेन आली. फॉरेस्टलाही हा सौदा आवडला असता, असं उगाच वाटून गेलं.

२०२१ मध्ये हाडं काढून टेनेसीतच कोलंबिया गावाजवळ नेली, दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेच्या जागेत.

पागेवाला

थांबा थांबा. कोलंबिया? स्ट्रेटच्या पाठलागात दोन तोफा गेल्या होत्या ना, त्या तोफांवरचा लेफ्टनंट गूल्ड. त्याच्यावर ठपका ठेवून फॉरेस्टने बदली केली. १३ जून १८६३ ला तो जाब विचारायला आला, बाचाबाची झाली, त्याने फॉरेस्टच्या कमरेत गोळी घातली. फॉरेस्टने एका हाताने त्याचा पिस्तुलाचा हात धरला आणि दुसऱ्या हातातला खिशातला चाकू दातांनी उघडून त्याच्या पोटात खुपसला. पोरगा काही दिवसांनी गेला. तेच गाव?

वाटसरू

तेच. म्हणून तर तोफा लक्षात ठेवा म्हटलं होतं.